खेळण्यांनी भरलेला पिंजरा आणि रेट सिंड्रोम: उंदरांवरच्या प्रयोगांचा अर्थ कसा लावायचा?

प्रश्न: आमच्या अडीच वर्षांच्या मुलीला रेट सिंड्रोम, म्हणजे बहुधा मुलींना होणारा मेंदूच्या घडणीचा जनुकीय आजार, असल्याचं जनुकीय तपासणीत नक्की झालं आहे. याच आजाराच्या उंदरांना चाक, बोगदे, खेळणी असलेल्या मोठ्या पिंजऱ्यात ठेवलं की आजार सौम्य होतो, असं वाचलं. हे खरं आहे का? एका केंद्राने आम्हाला 'सेन्सरी एन्रिचमेंट'चं सहा महिन्यांचं पॅकेज सुचवलं आहे. दिवे, आवाज आणि स्पर्शाच्या वस्तू असलेल्या खोलीत रोज दोन तास बसवायचं. दाखला ते उंदरांच्या संशोधनाचाच देतात. घ्यावं का?

उत्तर:

आधी माझी मर्यादा सांगतो. मी डॉक्टर नाही. जनुकीय दोष असलेल्या उंदरांचं वर्तन तपासणं हे माझं अनेक वर्षांचं काम आहे. त्यामुळे उंदरांबद्दल ठामपणे बोलेन. मुलीच्या उपचारांचा निर्णय तुमच्या बालमेंदूविकारतज्ज्ञांनी आणि फिजिओथेरपिस्टनीच घ्यायचा आहे.

थोडक्यात उत्तर: तुम्ही वाचलंत ते खरं आहे. पण त्यातून ते पॅकेज निघत नाही. का, ते सविस्तर लिहितो, कारण असे दाखले तुम्हाला पुढेही बरेच जण देतील.

सुरुवात पिंजऱ्यापासून करू. प्रयोगशाळेतला नेहमीचा पिंजरा साधारण बुटांच्या खोक्याएवढा असतो. खाली मक्याच्या बुरकुंडांचा भुसा, वर जाळीत खाद्याच्या गोळ्या, पाण्याची बाटली, आणि आत तीन-चार उंदीर. फार तर घरटं करायला कागदाच्या पट्ट्या. जन्मापासून मरेपर्यंत हेच जग. 'समृद्ध' पिंजरा म्हणजे याच्या कितीतरी पट मोठी, बहुधा दोन-तीन मजल्यांची जागा. आत शिड्या, नळ्या, पळायचं चाक, लपायला खोपटी, चावायला लाकूड, आणि आठ-दहा उंदीर. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वस्तू दर काही दिवसांनी बदलतात. नवी नळी आत गेली की पहिली दहा मिनिटं बघण्यासारखी असतात. एखादी धीट मादी टोकाशी येऊन मिशा फिरवते, मागे पळते, पुन्हा येते, अर्धं अंग आत घालते. तिच्यामागून बाकीच्या. दुसऱ्या दिवशी त्याच नळीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. म्हणून ती बदलावी लागते.

ही कल्पना जुनी आहे. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी काही रॅट (मोठ्या जातीचे उंदीर) घरी पाळीव म्हणून वाढवले आणि ते कोडी सोडवण्यात पिंजऱ्यातल्या रॅटपेक्षा सरस ठरतात, हे 1947 मध्ये मांडलं. 1960 च्या दशकात कॅलिफोर्नियात बर्कलीला मार्क रोझेनझ्वाइग, एडवर्ड बेनेट, डेव्हिड क्रेच आणि मॅरियन डायमंड यांनी पुढचं पाऊल टाकलं. समृद्ध पिंजऱ्यातल्या रॅटच्या मेंदूचं बाह्यपटल जाड आणि वजनाने जास्त भरतं, हे त्यांनी मोजून दाखवलं. अनुभवाने मेंदूची रचना बदलते हे तोवर फारसं कुणी मानत नव्हतं. जनुकीय आजारांकडे हा विचार वळला तो बराच उशिरा. 2000 साली ऑक्सफर्डच्या गटाने हंटिंग्टनच्या आजाराचं जनुक घातलेल्या उंदरांच्या पिंजऱ्यात पुठ्ठा, कागद, प्लास्टिकच्या वस्तू टाकल्या, त्या सतत बदलल्या, आणि हालचालींतली लक्षणं लांबणीवर पडली. तो आजार मेंदू झिजण्याचा आहे, घडणीतला नाही. पण एकाच जनुकाने ठरणारा म्हणून ज्याच्यापुढे सगळे हात टेकत, त्या आजाराची वेळापत्रिका चार पुठ्ठ्याच्या नळ्यांनी हलली, हे पाहून बऱ्याच प्रयोगशाळा कामाला लागल्या.

आता रेट. हा दोष एक्स गुणसूत्रावरच्या एमईसीपी-2 या जनुकात असतो. 1999 मध्ये हुदा झोघबी यांच्या गटाने हे शोधलं, आणि 2001 मध्ये एड्रियन बर्ड व रुडॉल्फ येनिश यांच्या गटांनी हे जनुक बंद केलेले उंदीर तयार केले. इथे एक मेख आहे, आणि बातम्यांमध्ये ती हमखास गाळली जाते. नराकडे एकच एक्स असतो. ते जनुक बंद केलं की त्यापासून बनणारं प्रथिन त्याच्या कुठल्याच पेशीत उरत नाही. असे नर काही आठवड्यांतच आजारी पडतात आणि साधारण दोन-तीन महिन्यांत मरतात. मादीकडे दोन एक्स. तिच्या काही पेशींत चांगली प्रत चालू, काहींत बिघडलेली. तुमच्या मुलीसारखीच ही सरमिसळ. अशा माद्यांत लक्षणं सावकाश, काही महिन्यांच्या झाल्यावर दिसतात. प्रयोग झटपट संपतो म्हणून बरेच अभ्यास नरांवर होतात. मुलींच्या आजाराशी जवळचं नातं मात्र माद्यांचं. त्यामुळे रेटचा कुठलाही निबंध हातात आला की मी आधी बघतो, उंदीर नर होते की माद्या.

लक्षणं कशी दिसतात तेही सांगतो. निरोगी उंदराला शेपटीला धरून अलगद उचललं की तो मागचे पाय फाकवून पसरतो, उतरायच्या तयारीत असल्यासारखा. रेटचा उंदीर पाय पोटाशी ओढून एकमेकांत अडकवतो. पुढचे पंजे तर तो एकमेकांवर घासत राहतो. रेटच्या मुलींमधलं हात चोळणं ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे बघताना चर्र होतं. दुसरी चाचणी रोटारॉडची. फिरणाऱ्या दांड्यावर उंदीर ठेवायचा, दांड्याचा वेग मिनिटाला चार फेऱ्यांपासून चाळीसपर्यंत हळूहळू वाढवायचा, आणि तो किती सेकंद टिकतो ते मोजायचं. सरावाने निरोगी उंदराची वेळ दिवसेंदिवस वाढते. आजारी उंदीर लवकर पडतो, किंवा चालायचं सोडून दांड्याला मिठी मारून त्याच्यासोबत गरगर फिरतो. तीही वेळ 'टिकला' म्हणून धरली तर आकडे खोटे चांगले दिसतात, म्हणून तिथे माणूस उभा असावा लागतो. यंत्रावर सोडून चहाला गेलात की संपलं.

2008 मध्ये ऑस्ट्रेलियात कोंडो आणि सहकाऱ्यांनी रेटच्या उंदरांना दूध सुटल्यानंतर, म्हणजे साधारण चार आठवड्यांचे असताना, समृद्ध पिंजऱ्यात ठेवलं. माद्यांची रोटारॉडवरची कामगिरी सुधारली. नरांची नाही. दोन वर्षांनी इटलीच्या गटाने हाच प्रयोग फार लवकर, पिल्लं दहा दिवसांची असतानाच, आई आणि भावंडांसकट सुरू केला. तेव्हा नरांमध्येही हालचालींचा समन्वय आणि शिकणं सुधारलं, मेंदूच्या बाह्यपटलात आणि लहान मेंदूत चेतासंधींची, म्हणजे चेतापेशींमधल्या जोडण्यांची, संख्या सावरली. माद्यांमधली भीतीची वागणूकही कमी झाली. दोन्हींत उंदरांचे वाण वेगळे होते, त्यामुळे सगळं श्रेय वेळेला देता येणार नाही. तरी लवकर सुरुवात केलेली बरी, हा कल तिथूनच दिसू लागला.

मला स्वतःला सगळ्यात बोलका वाटतो तो झोघबी यांच्याच प्रयोगशाळेतला 2021 चा अभ्यास. तिथे खेळण्यांचा पिंजरा नव्हताच. नेथन अचिली आणि सहकाऱ्यांनी रेटच्या माद्यांना, लक्षणं दिसायच्या आधीपासून, एकाच कामाचा कसून सराव दिला. काहींना रोटारॉडचा, काहींना पाण्यातल्या कोड्याचा, म्हणजे तलावात बुडालेला चौथरा कुठे आहे ते लक्षात ठेवून तिथवर पोहण्याचा. रोटारॉडवाल्यांची हालचाल टिकली, स्मरणशक्तीला काही फायदा नाही. कोडंवाल्यांची स्मरणशक्ती टिकली, हालचालीत फरक नाही. ज्याचा सराव त्यातच गुण. लक्षणांची सुरुवात काही महिने पुढे ढकलली गेली, आणि उंदराच्या आयुष्यात काही महिने म्हणजे फार. सरावाच्या वेळी ज्या चेतापेशी पुन्हा पुन्हा जाग्या होत होत्या, नेमक्या त्याच पेशींच्या फांद्या दाट झाल्या होत्या. बाजूच्या पेशी होत्या तशाच. आणि लक्षणं सुरू झाल्यावर सराव सुरू केला तेव्हा तसा फायदा दिसला नाही.

हे शेवटचं वाक्य वाचून तुमचा जीव खाली-वर झाला असेल. थांबा. उंदीर-मादीला 'लक्षणांआधीचा काळ' मिळतो तो वाढ पूर्ण झाल्यावर, तरुण वयात. मुलींमध्ये लक्षणं साधारण सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान दिसू लागतात, मेंदूची घडण चालू असतानाच. म्हणजे उंदराचं 'उशिरा' आणि मुलीचं 'उशिरा' एका फूटपट्टीने मोजताच येत नाही. त्यातच 2007 मध्ये बर्ड यांच्या गटाने लक्षणं पुरती दिसत असलेल्या प्रौढ उंदरांत बंद जनुक पुन्हा चालू केलं आणि बरीच लक्षणं मागे फिरली. रेटमध्ये चेतापेशी मरत नाहीत, त्या अडखळत जगत असतात, हे तेव्हा पक्कं झालं. जनुकोपचाराच्या आजच्या चाचण्या त्याच निष्कर्षावर उभ्या आहेत. दार कायमचं बंद झाल्याचा पुरावा कुणाकडेही नाही.

मग वातावरण आत नेमकं काय करतं? जनुक दुरुस्त होत नाही, इतकं नक्की. बिघडलेली प्रत बिघडलेलीच राहते. बदलतं ते त्या बिघाडाच्या पुढच्या टप्प्यांवरचं काम. वापरात असलेल्या चेतापेशी बीडीएनएफ नावाचं वाढीला पोषक प्रथिन जास्त सोडतात, चेतासंधी टिकतात, नव्या बनतात. रक्तातून येणारं आयजीएफ-1 हेही वाढतं. रेटसाठी अमेरिकेत मार्च 2023 मध्ये मान्यता मिळालेलं पहिलं औषध, ट्रोफिनेटाइड, हे याच आयजीएफ-1 च्या टोकाकडच्या छोट्या तुकड्यावरून बेतलेलं आहे. पिंजरा आणि औषधाची बाटली एकाच गल्लीत भेटतात म्हणा. काही आजारांत समृद्ध वातावरण मेंदूतला जास्तीचा 'ब्रेक' सैल करतं. डाउन सिंड्रोमच्या उंदरांत हे इटलीतल्या पिसाच्या गटाने 2011 मध्ये दाखवलं. गाबा या रसायनामार्फत होणारा अवरोध कमी झाला, स्मरण सुधारलं, नजरेची तीक्ष्णताही.

डाउनचा विषय निघालाच आहे तर त्याची दुसरी बाजू सांगायलाच हवी. ती पॅकेजवाले कधी सांगत नाहीत. डाउनसाठी सर्वाधिक वापरला जाणारा उंदीर टीएस-65-डीएन. तो अमेरिकेत मेन राज्यातल्या जॅक्सन लॅबोरेटरीत म्युरिएल डेव्हिसन यांनी 1990 च्या सुमारास तयार केला. 2002 मध्ये स्पेनमधल्या मार्टिनेझ-क्वे आणि सहकाऱ्यांनी हे उंदीर समृद्ध पिंजऱ्यात वाढवले. माद्या पाण्यातल्या कोड्यात सुधारल्या. नर बिघडले. हो, बिघडले. तोच पिंजरा, तीच खेळणी. त्याच गटाच्या पुढच्या कामात संशयाची सुई गर्दीकडे आणि नरांमधल्या वर्चस्वाच्या ताणाकडे वळली.

ज्याने मोठा पिंजरा सांभाळलाय त्याला यात नवल वाटणार नाही. आठ नर एकत्र, वर चाक एकच. थोड्याच दिवसांत एक दांडगा चाकाचा मालक होतो. बाकीच्यांच्या शेपटीच्या बुडाशी चावे दिसू लागतात, आणि सगळ्यात दुबळा कोपऱ्यातल्या नळीत दिवस काढतो. कागदोपत्री तोही 'समृद्ध वातावरणात'च असतो. साफसफाई करताना सगळं घरटं एकदम बदललं तर ओळखीचा वास जातो आणि मारामारी वाढते, म्हणून जुन्या घरट्याचा थोडा कागद नव्या पिंजऱ्यात टाकावा लागतो. निबंधाच्या पद्धतीविभागात अशा गोष्टी एका ओळीतही येत नाहीत, पण निकाल त्यावरच फिरतो. त्याच वाणाचे उंदीर, त्याच चाचण्या, त्याच वेळी ऑल्बनी, एडमंटन आणि पोर्टलंड अशा तीन प्रयोगशाळांत केल्या तरी काही निकाल वेगळे आले, हे क्रॅब आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्येच दाखवलं होतं. म्हणून एखाद्या एकाच अभ्यासावर कुणी बोट ठेवलं की मी तरी सावध होतो.

बाकी आजारांबद्दल थोडक्यात. फ्रॅजाइल एक्स या जनुकीय आजाराच्या उंदरांत 2005 मध्ये समृद्ध वातावरणाने वागणूक आणि चेतापेशींवरच्या काट्यांची (जिथे जोडण्या होतात त्या बारीक उंचवट्यांची) रचना दोन्ही सुधारली. आपल्याकडे हरियाणात मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात निहार रंजन जना यांच्या गटाने अँजेलमन सिंड्रोम या दुसऱ्या एका जनुकीय आजाराच्या उंदरांवर असंच काम केलं, आणि त्यांची वागणूक सुधारल्याचं त्यांना दिसलं. फ्रॅजाइल एक्सची आठवण आणखी एका कारणाने ठेवावी. त्याच्या उंदरांत चेतापेशींवरच्या एमग्लूआर-5 या ग्राहीला (संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला) रोखणारी औषधं झकास चालली होती. नोव्हार्टिस आणि रोश या कंपन्यांनी माणसांत चाचण्या घेतल्या आणि त्या फसल्या. उंदरात जमलं म्हणजे माणसात जमेलच असं नसतं, याचं आमच्या क्षेत्रातलं हे ठसठशीत उदाहरण.

आता कळीचा मुद्दा. या सगळ्या प्रयोगांत तुलना कशाशी होते? त्या बुटांच्या खोक्याशी. शेतातल्या, गोठ्यातल्या, माळ्यावरच्या उंदराचं जग आमच्या सगळ्यात श्रीमंत पिंजऱ्याहून किती तरी मोठं असतं. तेव्हा 'समृद्ध' पिंजरा काही अंशी उपासमार थांबवतो, मेजवानी देत नाही, असं मानायला जागा आहे. तुमची मुलगी खोक्यात वाढत नाहीये. तिच्या घरात माणसं आहेत, स्वयंपाकघराचे वास आणि आवाज आहेत, कडेवरून फिरवणं आहे, आंघोळीचं तेल आहे. उंदराला जे नव्याने मिळालं त्यातलं बरंचसं तिला पहिल्यापासून मिळतंय. म्हणून उंदरांतल्या फायद्याचं माप तिच्यावर जसंच्या तसं बसवता येत नाही.

मुलींवर काही झालंय का? झालंय, छोटं पण नीट आखलेलं. 2018 मध्ये जेनी डाउन्स आणि सहकाऱ्यांनी सहा वर्षांखालच्या 12 मुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिने फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, प्रत्येक मुलीपुरता आखलेला, हालचालींवर भर देणारा कार्यक्रम, सोबत इंद्रियांना चालना आणि माणसांचा सहभाग. कोणत्या मुलीने कधी सुरू करायचं ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. बसणं, उभं राहणं, चालणं या मोठ्या हालचालींच्या मोजपट्टीवर सुधारणा दिसली आणि रक्तातलं बीडीएनएफ वाढलं. बारा हा आकडा लहान आहे, आणि आजार बरा झाला असं तिथे कुणी म्हटलेलं नाही. पण या मुली लक्षणं सुरू झाल्यानंतरच्याच होत्या, हे ध्यानात घ्या.

आणि आता ती खोली. दिवे, आवाज, स्पर्श, दोन तास. उंदरांच्या आणि मुलींच्या, दोन्ही कामांत फायदा दिसला तिथे प्राणी किंवा मूल स्वतः काहीतरी करत होतं: चढत होतं, पळत होतं, तोल सांभाळत होतं, शोधत होतं. नुसतं बसवून डोळ्या-कानांवर मारा केल्याने रेटमध्ये फायदा होतो असा पुरावा माझ्या तरी वाचनात नाही. उंदरांना मोठ्या आवाजाचा आणि प्रखर उजेडाचा ताणच येतो, आम्ही तो मुद्दाम टाळतो. रेटच्या मुलींमध्ये फिट्स आणि श्वासाची अनियमितता नेहमीची आहे. लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या खोलीत तिला न्यायचंच असेल तर तुमच्या मेंदूविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय बिलकूल नेऊ नका.

केंद्रवाल्यांना विचारा की सहा महिन्यांनी मुलीला नेमकं काय जमायला हवं. 'मेंदूला चालना मिळेल' हे उत्तर नाही. आधाराने अमुक वेळ उभी राहील, हवी ती वस्तू नजरेने दाखवेल, असं काहीतरी मोजता येणारं हवं. ते कोण मोजणार, केंद्रातला माणूस की बाहेरचा, हेही विचारा. ती दमली, रडली, हात चोळणं वाढलं तर काय करणार? त्या दोन तासांत ती स्वतः किती हलते? आणि पैसे महिन्याचे घेणार की सगळे आगाऊ? यांवर गुळमुळीत उत्तरं आली तर तेच पैसे तुमच्या जवळच्या चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे जास्त फेऱ्या मारण्यात घाला, आणि डोळ्यांनी संवाद साधण्याच्या प्रशिक्षणात. रेटच्या मुली नजरेने बरंच बोलतात.

घरी काय करता येईल असं तुम्ही विचारलेलं नाही, तरी अचिलींच्या माद्या डोळ्यांसमोर आहेत म्हणून सांगतो. एक-दोन कामं निवडा, फिजिओथेरपिस्टना विचारून. समजा उभं राहणं आणि हाताने घास तोंडाशी नेणं. तीच रोज, थोडी थोडी, ती ताजीतवानी असताना. दहा खेळण्यांची चळत तिच्यापुढे ओतू नका. उभं राहण्याचा सराव ओट्यापाशी करा, म्हणजे आई पोळ्या लाटते ते दिसेल आणि तिला उभं राहायला कारण मिळेल. नवीन वस्तू एका वेळी एक. दर पंधरवड्याला फोनवर त्याच कोनातून एक छोटा व्हिडिओ घ्या, तारीख बोलून. डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत तेवढे व्हिडिओ ओळीने दाखवले की 'बरं वाटतंय का'ला तुमच्याकडे मोजमापाचं उत्तर असेल.